मामीची पांढरी गोळी

अख्ख्या देवळी तालुक्यात दुखण्याला माझ्या मामीइतकं दरडावून वागवणारं दुसरं माणूस सापडायचं नाही. चाळिशीत तिला आमवातानं गाठलं, हातांची बोटं सुजून वाकडी व्हायला लागली. पण मामीनं त्या आजारालाच धाकात ठेवलं. सकाळी गरम पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून ती एकेका बोटाला हाका मारायची, "ऊठ वं! साऱ्याजनी उठल्या, तूच काऊन लोळून राह्यली?" त्या आवाजानं शेजारची सून मात्र रोज दचकून उठायची.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या औषधांत स्टेरॉइडची एक बारकी पांढरी गोळी होती. बाकीच्या गोळ्यांचा गुण यायला महिने लागायचे. ही घेतली की दोन दिवसांत मुठी वळायच्या. मामीचा तिच्यावर जीवच जडला. बाईंनी ती हळूहळू कमी करायला सांगितली होती, मामी हळूहळू वाढवत गेली. पाहुणे आले की एक जास्त, पापड लाटायचे असले की एक जास्त. गोळीनं चेहरा सुजून गोल गरगरीत झाला, तेव्हा बायका म्हणाल्या, "तब्येत सुधारली वं तुमची." मामीनं लगेच नवं लुगडं नेसून फोटो काढून घेतला.

तिच्या पोरीच्या लग्नाआधी मीच तिला बळेबळे दवाखान्यात नेलं. रक्तदाब वाढलेला, साखरही वाढलेली. बाई म्हणाल्या, "काकू, या आजारात लकव्याचा धोका तसाही जास्त असतो. त्यात ही गोळी मनानं वाढवली तर तो आणखी वाढतो. एकदम बंदही करू नका. मी सांगते तशी कमी करू."

"अवो मॅडम," मामी म्हणाली, "लकवा येईन तवा येईन. पोरीले हळद लावाले मले आत्ता हात पाह्यजे."

सेलूला लग्न झालं. मामीनं हळद लावली, पंगतीत वाढलं, वरातीत नाचलीसुद्धा. "मामी, गोळ्या किती घेतल्या?" मी विचारलं. "तू जेव नं मुकाट्यानं," म्हणून तिनं माझ्या ताटात आणखी एक जिलेबी टाकली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती, म्हणून मीही पुढे काही बोलले नाही.

काही आठवड्यांनी सकाळी चहा पिताना तिच्या हातून कप निसटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मामांना आधी वाटलं, ती त्यांना वेडावून दाखवते आहे. शेजारची सून धावत आली, एकदा चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओरडली, "मामाजी, गाडी बोलवा!" तिच्या त्या घाईनंच मामी वाचली. दोष एकट्या गोळीचा म्हणता येणार नाही, असं बाई नंतर म्हणाल्या. आजार, रक्तदाब, साखर, गोळी, सगळ्यांनी मिळून गाठलं होतं. मामांनी मान डोलावली आणि पदरानं पुसावेत तसे उपरण्यानं डोळे पुसले.

आता गोळी बेतानं, बाई सांगतील तेवढीच. उजवा हात अजून जड आहे. दुसऱ्याचं वाक्य कधी पुरं होऊ न देणारी मामी आता आपल्याच वाक्यात मधोमध थांबते, आणि मामा मदतीला धावतात, "पाणी? चहा? टीव्ही लावू?" मामी त्यांच्याकडे असं पाहते की ते उठून अंगणात जातात.

मागच्या रविवारी मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला घरी परत निघाले. मामी ओठ हलवत राहिली, मग मोठ्या कष्टानं म्हणाली, "बस..."

"हो मामी, बसची वेळ झाली, निघतेच." मी पिशवी उचलली.

तिनं मान हलवली. डाव्या हातानं माझी ओढणी धरली आणि पुन्हा जोर लावला, "बस... नं."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले. रस्त्यावरून माझी वर्ध्याची बस निघून गेली.