अक्काला कोणी विचारलंच नाही

आमच्या अक्काने आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही. याचा आम्हाला फार त्रास झाला. विचारलं तेवढंच ती सांगायची, त्यावर तांदळाचा एक दाणा जास्त नाही. एकदा दारात आलेल्या पाहुण्याने विचारलं, "राव घरात आहेत का?" अक्का म्हणाली, "नाहीत." पाहुणा बसने तिरुवैयारुला परत गेला. माझे वडील तेव्हा मागच्या विहिरीवर अंघोळ करत होते. ते चिडले, तर अक्का म्हणाली, "विहीर घरात कोठे आहे? घरामागे आहे."

अक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. म्हणजे माझी आत्या, पण वडील अक्का म्हणत म्हणून सगळेच अक्का म्हणत. आम्ही तंजावरचे मराठी: घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि भांडताना दोन्ही. मी काही वर्षं पुण्यात नोकरी करून परतलो होतो. तिथल्या लोकांनी हसून हसून माझी मराठी सरळ केली होती. अक्काची सरळ करायची कोणाची छाती नव्हती.

तिचा एकुलता एक मुलगा रघू कॅलिफोर्नियात. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मग एका सकाळी फोन आला, सुनेला दिवस गेलेत. अक्काचे गुडघे जिना चढायला तयार नव्हते, विमान कुठलं चढणार? रघूने मला हुकूम सोडला, "घरात इंटरनेट घे. मूल जन्मलं की त्याच दिवशी अम्माला दिसलं पाहिजे." कोणाबरोबर तरी लॅपटॉपही पाठवला. ब्रॉडबँड तेव्हा तंजावरात नुकतं आलं होतं.

आमचं घर आगगाडीसारखं लांब आणि अरुंद. फोनची लाइन रस्त्याकडच्या खोलीत, अक्का राहायची पार मागे, स्वयंपाकघराजवळ. मधून वायर न्यायची तर ती देवासमोरून जाणार, आणि ते अक्काला चालणार नव्हतं. म्हणून बिनतारी राउटर ठरला. तो बसवायला दुकानातला सेल्वम मोपेडवरून आला, गुरुवारी दुपारी दीडला. अक्काने त्याला कॉफी दिली, मुरुक्कू दिले, त्याच्या बहिणीच्या लग्नाची चौकशी केली. तीन वाजता राउटरच्या खोक्याकडे बोट करून म्हणाली, "आता डबा उघड." मी म्हटलं, काय हे आदरातिथ्य!

हिरवे दिवे लागले. सेल्वमने वरचा माझा कॉम्प्युटर जोडला, अक्काचा लॅपटॉप जोडला. अक्का बघत होती.

"वायर नाही, मग हें जातं कसं?"

"हवेतून, अम्मा."

"भिंत आली तर?"

"भिंतीतूनही जातं."

"देवाच्या खोलीतून?"

सेल्वमने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिथून वळसा घालून जातं." त्या घरात खोटं बोलणारा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवसापासून छळ सुरू झाला. मी घरी बसून बंगळुरूच्या एका कंपनीसाठी घरांचे नकाशे काढत असे. शुक्रवारी सकाळी नकाशा अर्धा गेला आणि इंटरनेट बंद. दुपारी आपोआप सुरू. शनिवारी पुन्हा तेच, पण वेळ वेगळी. सोमवारी तर मी दात घासेपर्यंत गेलं. सेल्वमला बोलावलं, तो आला, सगळं छान चाललेलं. त्याने फोनची वायर बदलली. राउटर टेबलावरून कपाटावर गेला, कपाटावरून खिडकीत. सेल्वम सहा वेळा आला आणि सहाही वेळा राउटर शहाण्या मुलासारखा लुकलुकत होता.

"सार, मी असताना चालतं," तो म्हणाला.

"मग तू इथेच राहायला ये!"

अक्काला मी रोज विचारत होतो.

"अक्का, राउटरला कोणी हात लावला का?"

"नाही."

"वीज गेली होती का?"

"नाही."

"उंदीर?"

"उंदीर आहेत," अक्का म्हणाली. मी दोन दिवस उंदरांच्या मागे लागलो.

शेवटी मी बंद पडायच्या वेळा लिहून ठेवायचं ठरवलं. हाताशी भिंतीवरचं रोज पान फाडायचं तमिळ कॅलेंडर होतं. बुधवारच्या पानावर मी लिहिलं, बारा ते दीड. लिहिलं आणि पाहतच राहिलो. माझ्या पेन्सिलीच्या अगदी शेजारी छापलेलं होतं: राहुकाळ, बारा ते दीड.

आमच्याकडे राहुकाळात कोणी शुभकार्य तर करत नाहीच, नवी चप्पलही घालत नाही. रोज दीड तास, आणि रोज वेळ वेगळी. सेल्वमही राहुकाळात कधी मोपेडला किक मारत नसे, मग त्याला बिघाड दिसणार कसा? मी मागच्या खोलीत धावलो. अक्का कढीपत्ता निवडत होती.

"अक्का, राउटर तू बंद करतेस?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"महिनाभर मी काय विचारत होतो तुला!"

"तू विचारलास, हात लावला का? मी हात नाही लावलें. दारामागचं भिंतीवरचं बटण दाबलें. तेंही काठीने." मग आवाज खाली आणून म्हणाली, "नऊ वर्षांनी मूल येतं आहे रे. त्याची पहिली बातमी या घरात राहुकाळात शिरली तर? तुझे नकाशे थांबतील दीड तास. घरं काय पळतात?"

मी कामाच्या वेळा राहुकाळ पाहून ठरवू लागलो.

आणि मूल आलं, दीड महिना आधी. शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला फोन वाजला. रघूचा आवाज ओळखू येत नव्हता. मुलगी झाली होती, फार लहान. थोड्या वेळात तिला काचेच्या पेटीत ठेवायला आत नेणार होते. "काही सांगता येत नाही म्हणतात," तो म्हणाला. "अम्माला आत्ता दाखवतो. लवकर लाव."

शुक्रवार. राहुकाळ साडेदहा ते बारा. बटण बंद होतं आणि बटणासमोर अक्का उभी होती, काठी घेऊन.

"अक्का, सरक."

"पाऊण तास राहिला आहे. पाऊण तासाने."

"पाऊण तासाने ती नसेल तिथे! आत नेतील तिला!" मी अक्कावर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं. काठी हलेना. मग एकदम तिने विचारलं, "तेथे आता किती वाजले?"

"रात्रीचे पावणेदहा."

"वार?"

"गुरुवार. अजून गुरुवारच."

अक्काने डोळे मिटले. "गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन. केव्हाच संपला." डोळे उघडून ती म्हणाली, "मूल तेथे जन्मलं. त्याचं घड्याळ तेथलं." आणि काठी टाकून तिने बोटाने बटण दाबलं.

राउटरचे दिवे एकेक करून लागायला दोन मिनिटं घेतात. त्या दोन मिनिटांत मी जगातल्या सगळ्या राउटरवाल्यांना तमिळमध्ये शिव्या दिल्या. मग चित्र आलं. टॉवेलमध्ये गुंडाळलेला, मुठीएवढा तांबडा चेहरा. अक्का पडद्याला इतकी चिकटली की मला तिच्या अंबाड्याखेरीज काही दिसेना. तिने मुलीला फक्त एवढंच विचारलं, "जेवलीस का ग?" मग कोणीतरी मुलीला उचलून आत नेलं.

मुलगी जगली. माझे हाल मात्र दुप्पट झाले. त्या दिवसापासून अक्का दोन्हीकडचे राहुकाळ पाळू लागली, कारण कोणत्याही एकाला सोडणं तिला धोक्याचं वाटे. सोमवारी सकाळी आमचा, रात्री नऊला त्यांचा. नकाशे रडतखडत जात. आणि रोज, दोन्ही राहुकाळ टाळून, अक्का लॅपटॉपला नाक लावून नातीशी बोलत बसे. "अम्मा, मागे सरक, नुसतं कपाळ दिसतं," रघू ओरडे. "मला ती दिसते ना," अक्का म्हणे.

नात चौथ्या वर्षी पहिल्यांदा तंजावरला आली. अक्का त्याआधी चार महिने गेली होती. समोरच्या खोलीत मी तिचा मोठा फोटो लावला होता, खुर्चीत ताठ बसलेली, नऊवारीतली, पायाच्या अंगठ्यापर्यंत. मुलीने तो नीट पाहिला.

"ही कोण?" तिने मला विचारलं.

रघू तोंड फिरवून रस्त्याकडे बघू लागला. मी स्टुलावर चढलो आणि दोन्ही पंजांनी फोटो झाकला. नुसतं कपाळ, कुंकू आणि दोन डोळे उघडे ठेवले.

"आजी!" मुलगी ओरडली आणि फोटोशी बोलायला धावत इतकी जवळ आली की तिचं नाक भिंतीला लागलं.