राजपुत्राची दृष्ट

माझा मुलगा तीन महिन्यांचा होता तेव्हा ओटाव्यातल्या क्लिनिकमधल्या नर्सबाईंनी त्याच्या गालावरची तीट ओल्या कापसाने पुसून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. मग मनगटातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, हेही काढून ठेवा. आवाज फार गोड होता. गोड आवाजात सांगितलं की समोरच्याने ऐकायचंच असतं, अशी तिथल्या बऱ्याच लोकांची समजूत होती. मी घरी आले, कोट काढायच्या आधी काजळाची डबी उघडली आणि पुन्हा तीट लावली.

आमचे हे सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ. त्यांना नर्सचं पटलं.

"अगं, लोक काय म्हणतील? सायंटिस्टचा मुलगा आणि तोंडाला काळं फासून हिंडतो. थोडं अॅडजस्ट करायला शीक."

अॅडजस्ट मी पुष्कळ केलं होतं. साडीवर बर्फाचे बूट घातले, कोथिंबिरीवाचून आमटी गिळली. पण याच्याआधी दोनदा माझी कूस उजवता उजवता राहिली होती, आणि दोन्ही वेळा त्याच गावातल्या इस्पितळातून मी रिकाम्या हातांनी परतले होते. तेव्हा माझी समजूत काढायला कोणी कापूस घेऊन धावलं नव्हतं. आता हा मुलगा हाती लागला होता. त्याच्या गालावर काय असावं हे मी ठरवणार होते.

फेब्रुवारीत घराच्या भिंती खायला उठतात. एका रविवारी हे म्हणाले, चित्रांचं प्रदर्शन आलंय, जाऊ या. ह्यांना चित्रांतलं कळायचं असं नाही, पण सोमवारी ऑफिसात सांगायला बरं. आम्ही मुलाला स्ट्रोलरमध्ये घालून गेलो. माहिती सांगणाऱ्या एका बाईंच्या मागे दहा-बारा माणसं चालली होती, त्यांत आम्हीही घुसलो.

एका मोठ्या चित्रापुढे बाई थांबल्या. तीनशे वर्षांपूर्वीचा युरोपातला राजपुत्र, दोनेक वर्षांचा, दरबारच्या चित्रकाराने काढलेला. पायघोळ लाल झगा, वर पांढरा झिरझिरीत एप्रन. एक हात मखमली खुर्चीवर टेकलेला. चेहरा फिकट, तापातून उठल्यासारखा. बाई म्हणाल्या, ही मुलगी नाही बरं, मुलगा आहे. तेव्हा लहान मुलग्यांनाही झगेच घालत. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. आमच्याकडेही नवसाच्या मुलाला परकर नेसवतात, नाक टोचतात.

मग माझी नजर त्याच्या कमरेकडे गेली आणि मी स्ट्रोलर सोडून पुढे झाले. एप्रनवर दोऱ्यांनी काय काय लटकवलं होतं: चांदीची घंटी, पोवळ्याचा तुकडा, काळ्या दगडाची वळलेली मूठ, सोन्यात मढवलेला कुठल्याशा जनावराचा पंजा. हुबेहूब आमचं वाघनख. बाईंनी सांगितलं, पोराला दृष्ट लागू नये म्हणून हे बांधलंय. त्याच्याआधीची भावंडं जगली नव्हती. आणि मग, आवाज थोडा खाली आणून, हाही पुढे लवकरच गेला.

हे माझ्या कानाशी वाकले. "बघितलंस? एवढं बांधून काय उपयोग झाला?"

"न बांधता वाचला असता का?" मी म्हणाले. मराठीत म्हणाले, पण चांगलं मोठ्याने. लोक वळून बघायला लागले. "आधीची गेली होती, ते ऐकलंत ना? मग त्या आईने काय हात बांधून बसायचं? डॉक्टरांनी सांगितलेली एक लस मी चुकवलेली नाही. ते त्यांचं काम. हे माझं."

ह्यांनी स्ट्रोलर वळवला. वाटेत मान खाली घालून तो ढकलत राहिले. मी मात्र पहिल्यांदाच त्या गावात ताठ मानेने चालत होते. राजाच्या पदरी असलेल्या चित्रकाराला ते सगळं झाकून टाकता आलं असतं. त्याने नीट, मन लावून रंगवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मुलाचा फोटो काढायचा ठरला. डिपार्टमेंट स्टोअरच्या कोपऱ्यात स्टुडिओ होता. मी रोजच्यापेक्षा ठसठशीत तीट लावली, मनगट्या घातल्या, गळ्यात वाघनख बांधलं. फोटोग्राफर रुमाल घेऊन पुढे आला.

"लिटल स्मज देअर," तो म्हणाला.

मी मध्ये हात घातला. "नॉट स्मज. आय पुट इट. इट स्टेज."

"शुअर, शुअर," तो म्हणाला, आणि मागे सरकला. हे तेवढा वेळ शेजारच्या बुटांच्या किमती वाचत होते.

फोटो आणायला हेच गेले. मोठा फोटो झकास आला होता. मनगट्या होत्या, वाघनख होतं, आणि गाल साफ होता. तीट घासून काढली होती. "टच-अप फुकट करून दिलं," हे खुशीत म्हणाले, "भला माणूस आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायला मी स्टोअरमध्ये गेले नाही. फोटो टेबलावर ठेवला, डबी आणली आणि करंगळीने त्याच्या गालावर काजळ लावलं. चकचकीत कागदावर ते धरेना, ओघळलं. कापसाने टिपून पुन्हा लावलं, रात्रभर वाळू दिलं, सकाळी फोटो काचेच्या फ्रेममध्ये घालून दिवाणखान्यात सोफ्याच्या बरोबर वर टांगला.

संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसातली मंडळी चहाला यायची होती. हे कपडे बदलून बाहेर आले, फोटोकडे बघून थबकले, आणि गुपचूप स्वयंपाकघरातून ओलं फडकं घेऊन खुर्चीवर चढले. दोनदा घासलं, तिसऱ्यांदा जरा जोर लावला.

"काचेच्या आतून आहे," मी कपबशा मांडता मांडता म्हणाले. "पुसायचंच असेल तर काच फोडा."