गुढीवरचा कप

आमच्या आतोबांइतकं अर्ध्यावर समाधान मानणारं माणूस अख्ख्या ठाण्यात झालं नसेल. रस्ता असो, बाक असो की झोपाळा, ते कायम डाव्या अर्ध्यात. उजवा अर्धा जोडीदाराचा. तरुणपणी त्यांनी आणि कल्याणच्या एका मित्रानं बॅडमिंटनचं जिल्ह्याचं अजिंक्यपद मिळवलं होतं, तेही दुहेरीतलं. नौपाड्यातल्या मैदानावर चुन्यानं आखलेलं ते कोर्ट पुढे गेलं, तिथे घरं आली, पण आतोबा त्या कोर्टातून बाहेर पडलेच नाहीत.

दुहेरीत शटलचं फूल दोघांच्या मधे आलं की एकानं ओरडून ते दुसऱ्यासाठी सोडायचं असतं. ‘तुझं!’ ही आरोळी आतोबांच्या तोंडात कायमची बसली. एकदा शेगडीवरचं दूध वर आलं. शेजारीच पेपर वाचत बसलेल्या आतोबांनी मान वर न करता आरोळी दिली, ‘तुझं!’ आत्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. दूध उतू गेलं.

‘‘अहो, नुसता हात लांब केला असता तरी चाललं असतं,’’ आत्या म्हणाली.

‘‘दोघांनी हात लांब केले की रॅकेटी एकमेकींवर आपटतात,’’ आतोबा शांतपणे म्हणाले आणि पान उलटलं.

विजेते दोन आणि कप एक, ही संयोजकांची काटकसर. तो पितळी कप आत्याच्या सासूबाईंनी पहिल्याच पाडव्याला तांब्याऐवजी गुढीवर पालथा घातला. आमच्या गुढीला दोन कान आहेत, घरातलं सगळं ऐकते, असं आत्या म्हणायची. दुसऱ्या वर्षी कल्याणनं हक्क सांगितला, आणि तेव्हापासून पाळी ठरली: एक पाडवा ठाण्याचा, एक कल्याणचा. आदल्या दिवशी कप पिशवीतून पोचता करायचा. दरवर्षी पोच्यांवरून वाद व्हायचा.

‘‘हा पोचा कुणी पाडला रे?’’

‘‘तो तुझ्या डोक्याचा आहे. फायनलला कप आधी तूच डोक्यावर घेतलेलास.’’

मग चहा, आणि पोचा तसाच.

एका माघात कल्याणचे मित्र गेले. येणारा पाडवा त्यांच्या पाळीचा होता, पण त्या घरात वर्षभर सण करायचा नव्हता, म्हणून कप ठाण्यातच राहिला. आतोबांनी तो गुढीला लावू दिला नाही. पाळी आपली नाही, एवढंच म्हणाले. कल्याणहून निरोप आला होता की आता कप तुमच्याकडेच असू द्या. त्याला त्यांनी उत्तरच दिलं नाही.

पुढच्या वर्षी पाळी ठाण्याची. पाडव्याच्या सकाळी आतोबांनी चिंच लावून कप घासला, पिशवीत घातला आणि मला बरोबर घेऊन कल्याण गाठलं. दार मित्राच्या पत्नीनं, आतोबांच्या वहिनींनी, उघडलं. पिशवी पाहून त्या म्हणाल्या, ‘‘भावजी, यंदा तुमची पाळी ना?’’

‘‘त्याची राहिलीय, वहिनी.’’

वहिनी आतून काठी आणि एक हिरवं लुगडं घेऊन आल्या. कडुलिंब, गाठी, सगळं बांधून झालं. आतोबांनी कप काठीवर पालथा घातला आणि जन्मभर ओरडून म्हटलेला शब्द अगदी हळू म्हटला, ‘‘तुझा रे.’’

मग ते गुढीपुढे हात जोडून उभे राहिले, डाव्या बाजूला. उजवीकडे जागा होती, पण मी मागेच थांबलो. ठाण्याला आत्यानं त्या दिवशी साधा तांब्या लावून गुढी उभारली.