बारदानातले शंभर दाणे

शाळेत कविता शिकवताना मी हयातभर पेरण्या केल्या, पण त्या फळ्यावर. खरं बी रुजताना एकदा पाहावं म्हणून मे महिन्यात, घरच्यांचं न ऐकता निघालो. दुसरबीडजवळच्या एका गावात बायकांनी मिळून सोयाबीनच्या बियाण्याची कोठी चालवली आहे आणि बियाणं तपासतात शाळेतल्या मुली, असं एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं होतं.

छत्रपती संभाजीनगरहून सकाळची मेहकरकडे जाणारी एसटी धरावी. जालना, सिंदखेडराजा करत दुपारच्या आत दुसरबीड येतं. ज्येष्ठांना अर्धं तिकीट. पुढे काळीपिवळी, ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेवढ्यात चहा होतो. पाणी सोबत हवंच. नांगरून पडलेली काळी रानं पाहताना पाचवीच्या कवितांच्या चाली आपोआप ओठांवर येत होत्या.

उतरलो कोठी सांभाळणाऱ्या वंदनाताईंकडे. भाकरी, ठेचा, शेवग्याच्या शेंगा. पैसे घेईनात. "द्याचंच असन तर कोठीले बारदानं द्या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सहा दिवसांपूर्वी बांधलेल्या गुंडाळ्या उघडायला सगळे शाळेच्या ओट्यावर जमले. पद्धत सोपी. प्रत्येक घरचे शंभर दाणे ओल्या बारदानावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी उघडून मोजायचं. सत्तर धड कोंब आले तर बियाणं कोठीत. नाहीतर ते बाजारात विकायचं आणि पेरायला दुसऱ्याचं घ्यायचं. गुंडाळीवर फक्त नंबर. नावांची वही मोजून झाल्यावरच उघडते.

पांढरे कोंब पाहून मला राहवलं नाही, अंकुरांवरची एक कविता म्हणून दाखवली. नववीतली संघमित्रा शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्या कवितेत एकबी दाना नासत नाही का?" ओटा हसला, मीही हसलो.

अकरा नंबरची गुंडाळी तिनेच मोजली. चोपन्न. वही उघडली तर नाव वंदनाताईंचं. सोयाबीनचं साल नाजूक, मळणीयंत्र हळू चालवा, हे गावाला शिकवणाऱ्या त्याच.

"शिकोतेबी तूच आन् नापासबी तूच, बाई!" शेजारची गंगूबाई बोलली. तिचं बियाणं आधीच नापास झालं होतं. कोणी हसलं नाही.

संघमित्रा खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, वाकडे कोंब धरू का? अठरा हायेत. सत्तरच्या वर जाते."

"गंगूबाईचे धरले व्हते का तू?"

"नाही."

"मंग माहे काऊन? लिह चोपन्न."

मी कित्येकांना दोन-दोन गुण वाढवून पास केलं आहे. तिथे खाली मान घालून बसलो.

जेवताना ताईंनी सांगितलं, "मळणीच्या दिवशी आभाळ आलं व्हतं. यंत्रवाल्याले मीच म्हटलं, वाढव जोर. दाना वरून साबूत दिसे, आतून फुटला. आता मळणीचं कोणत्या तोंडानं सांगू? दुसऱ्या कोणाले शिकवाले सांगा म्हणते."

परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत होतं. घरी आल्यावरही कविता गुणगुणतो, पण आता मध्येच थांबून वाटतं, यातले किती उगवले नसतील?

राहवेना, म्हणून पंधरवड्याने फोन केला. "ताई, मळणीचा तास कोण घेणार?"

"मीच. बायका आयकतच नाहीत," त्या म्हणाल्या. "गंगूबाई म्हणे, बाकीच्यायले नुसतं आयकून माहीत हाय, तुले आता खरं समजलं."