साडूची गोळी आणि माझा गुडघा

माझ्या साडूइतका नेमका माणूस साऱ्या टेक्ससमध्ये नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आणि त्याचा नेम एकदाच चुकला तो माझ्यामुळे, हेही आताच सांगून टाकतो. ते पोटात ठेवून पुढचं लिहिता येणार नाही. अर्विंग गावातल्या आमच्या मराठी मंडळींना तो चक्रम वाटतो. वाटू दे. सिटिझन झाल्यावर लोक आईवडिलांच्या ग्रीन कार्डाचे कागद लावतात, ह्याने शिकारीची रायफल घेतली. बरं, घेतली तर घेतली, दुकानातली काडतुसं आणून बार काढावा. तर तेही नाही. दुकानातलं काडतूस सगळ्यांच्या रायफलीत बसतं म्हणजे कुणाच्याच रायफलीला नीट बसत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून आठवडाभर ऑफिसात डेटाबेस सांभाळणारा हा नागपूरचा गृहस्थ शनिवारी गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. रिकामं पितळी काडतूस पुसायचं, दारू तोलून घालायची आणि वरून प्रेस नावाच्या हातयंत्राने गोळी दाबायची. ती किती खोल दाबायची, ह्या एका प्रश्नावर त्याने तारुण्य घालवलं आहे.

हे शास्त्र मला त्याने इतक्या वेळा समजावलं आहे की झोपेतही सांगेन. बार उडाला की गोळी काडतुसातून सुटते आणि नळीच्या आतल्या आट्यांना भिडेपर्यंत मधल्या मोकळ्या जागेत उडी मारते. ही उडी केसभर कमीजास्त झाली की गोळ्या कागदावर पांगतात. बरोबर जमली की तीन गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या दिसतात. आणि बरोबर म्हणजे किती, हे कुठलंही पुस्तक सांगत नाही. "पुस्तकातला आकडा दुसऱ्याच्या रायफलीचा असते, साडूभाऊ," तो म्हणतो. "आपली काय म्हणते ते आपणच तिला विचाराचं." विचारायचं म्हणजे केसाकेसाने खोली बदलत काडतुसं भरायची, रेंजवर जाऊन कागद फोडायचे आणि घरी येऊन व्हर्नियरने भोकांमधली अंतरं मोजायची. सर्वांत चांगला कागद माझ्या मेव्हणीच्या फ्रिजवर, त्यांच्या मुलीच्या चित्रकलेच्या बक्षिसाशेजारी लावला आहे. मेव्हणीने मुलीला तो काढायला सांगितला तर ती "बट डॅड इज सो प्राउड ऑफ इट" म्हणून बापाचीच बाजू घेते.

हा उडीचा सिद्धांत त्याने संसारालाही लावला आहे. तवा आणि आच ह्यांत किती अंतर हवं, ह्यावर तो मेव्हणीशी वाद घालतो आणि हरतो. घर घेताना आमच्यापासून वीस मिनिटांच्या ड्राइव्हवरच घेतलं. साडूसाडूंची घरं फार जवळ असली तर दाब वाढतो, लांब असली तर माणसं पांगतात, असं त्याने एजंटला इंग्रजीत सांगितलं होतं. त्या बाईने ते गंभीरपणे लिहून घेतलं. एकदा घरोघरचे डबे जमवून केलेल्या पॉटलकच्या जेवणाला कुणीतरी हातात प्लेट घेऊन म्हणालं, "काय यार, इकडे येऊन काउबॉय झालास?" साडूने त्याच्या प्लेटमधल्या बिर्याणीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ही कोंबडी काय म्हातारपणी मेली का बावा?" सगळे हसले, पण त्याच्या बाजूने नाही. मीही त्यांच्यातच हसलो. आज कुणी तसं हसून दाखवावं.

कारण एवढी मोजमापं कशासाठी, हे मी पाहिलं आहे. जनावराला कळायच्या आत सगळं संपलं पाहिजे, एवढा एकच त्याचा नियम. नेमाची खात्री नसेल तर तो रायफल खाली ठेवतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. असे त्याचे कितीतरी हिवाळे गेले.

नेम चुकला त्या वर्षी आमच्या बायकांनी त्याच्यासोबत शिकारीला मला पाठवलं. मी अंडंसुद्धा खात नाही, पण बॅग भरण्यात माझा हात धरणारा नाही. इंडियाला जाताना घरातली प्रत्येक फुगलेली बॅग मीच गुडघा देऊन बंद करतो. साडूची काडतुसं नेहमीच्यापेक्षा लांब. त्यांची उंच डबी बॅगेच्या कप्प्यात जाईना. मी ती त्याच्याच एका बुटक्या डबीत उभी केली, टोकं वर. झाकण लागेना. मी गुडघा दिला. झाकण लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने अंधारातच त्या डबीतली काडतुसं रायफलीत भरली. उजाडताना समोर हरीण आलं. साडूने श्वास सोडला, बार काढला आणि हरीण मागचा पाय ओढत झाडीत गेलं. आम्ही रक्ताच्या थेंबांमागे उन्हं चढेपर्यंत फिरलो. सापडलं तेव्हा ते जिवंत होतं आणि आमच्याकडे बघत होतं. दुसरा बार त्याने अगदी जवळून काढला. मग तो तिथेच खाली बसला. स्वतःचा उजवा हात समोर धरून बराच वेळ बघत राहिला.

मोटेलवर मी डबी उघडली. गोळ्यांची टोकं एका उंचीवर नव्हती. एक आत गेलेली, दुसरी त्याहून आत. तो गोळीवरची काडतुसाची पकड हलकी ठेवतो, म्हणून ती दाबली की आत सरकते, हेही मला माहीत होतं. खोल बसलेल्या गोळीने काडतुसातली जागा कमी होऊन दाब वाढतो, म्हणजे रायफल त्याच्या तोंडाशी फुटूही शकली असती. मी डबी माझ्या बॅगेत तळाशी घातली. त्याने विचारलं तेव्हा रानात कुठेतरी पडली असेल म्हणालो.

घरी आल्यावर त्याने प्रेसवर चादर टाकली. वय झालं, हात हलायला लागला, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगू लागला. मंडळींना हायसं वाटलं. फ्रिजवरचा कागदही त्याने काढला. मुलीने विचारलं तर म्हणाला, "तो दुसऱ्या कोणाचा हात होता, बेटा." मार्चमध्ये मेव्हणीने फोनवर सांगितलं की रायफल विकतोय, शनिवारी गिऱ्हाईक येणार आहे. शुक्रवारी मी डबी घेऊन त्याच्या गॅरेजमध्ये गेलो आणि गुडघ्यापासून मोटेलपर्यंत सगळं सांगितलं.

त्याने प्रेसवरची चादर बाजूला केली, व्हर्नियर काढलं आणि एकेक काडतूस मोजून ओळीने ठेवत गेला. शेवटचं ठेवल्यावर त्याने हात माझ्यासमोर धरला. "म्हणजे हात ठीक आहे ना माझा, साडूभाऊ?"

रागावला असता तर बरं झालं असतं.

"हात ठीक आहे," मी म्हणालो. "चूक माझी होती, आणि नंतर गप्प बसलो ती त्याहून मोठी. त्या हरणाची माफी कुठे मागायची मला कळत नाही. तुझी मागतो."