ग्रेडप्रमाणे खून

खुनाच्या तपासात लहानमोठा असा भेद नसतो. कायद्यासमोर लॉर्डही तसाच आणि त्याचा नोकरही तसाच. हे वाक्य मीच लिहिलं होतं, कार्यक्रमाच्या सुरुवातीला भारदस्त आवाजात वाचण्यासाठी. क्लायंटला ते फार आवडलं. लगेच त्यांनी मला आपल्या लोकांचा ग्रेड चार्ट पाठवून दिला, म्हणजे भूमिका हुद्द्याप्रमाणे वाटता येतील.

मी दुबईत एका इव्हेंट कंपनीत स्क्रिप्ट लिहिते. आमचं बरंचसं काम ऑफसाइटचं असतं. ऑफसाइट म्हणजे कंपनीच्या वरिष्ठांना लांबच्या हॉटेलात नेऊन त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे असं सिद्ध करणं. हा क्लायंट विमा ब्रोकर होता. त्यांना दुबईपासून तासाभरावरच्या रास अल खैमाच्या एका रिसॉर्टमध्ये 'मर्डर मिस्टरी डिनर' हवं होतं, व्हिक्टोरियन लंडनच्या थाटाचं. यात जेवणाच्या टेबलावर खोटा खून होतो. पाहुणेच पात्रं होतात. टेबलावर पुरावे फिरतात आणि शेवटी सगळे मत देतात की खुनी कोण. शेवटी आमचा डिटेक्टिव्ह, म्हणजे एक भाड्याचा नट, खरं उत्तर सांगतो.

त्यांची एचआर हेड शिल्पा मूळची ठाण्याची. दुबईत अल मनखूल भागात माझ्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहते.

"अनघाताई, मरणारा लॉर्ड एमडी सर होणार," पहिल्याच मीटिंगला ती म्हणाली.

"त्यांना चालेल?"

"त्यांनीच मागितलाय रोल. मेल्यावर सगळ्यांनी उठून दोन शब्द बोलायचे. ते सर ऐकणार."

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये लॉर्डचा धाकटा भाऊ विम्याच्या पैशासाठी त्याला विष देतो. त्या काळात हे नवलाचं नव्हतं. आर्सेनिक हे विष उंदीर मारायला म्हणून सहज विकत मिळायचं. त्याला चव नाही, वास नाही. माणूस पोट बिघडून गेला असंच वाटायचं, आणि प्रतिष्ठित घरात डॉक्टर फार प्रश्न विचारत नसत. शिल्पाने ड्राफ्ट परत पाठवला. विमा हा खुनाचा हेतू त्यांच्या कंप्लायन्सला, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या विभागाला, मान्य नव्हता. भाऊ झालेला सीएफओ नाराज होता. मग मी बायकोला खुनी केलं. डायरेक्टरांत बाई एकही नसल्याने ती भूमिका सेल्स डायरेक्टरांकडे होती. त्यांनी 'ब्रँड इमेज'चा मुद्दा काढला. डॉक्टर, वकील, पाद्री, सगळे करून झाले. आठ डायरेक्टरांपैकी एकही खून करू शकत नव्हता. इतकी सज्जन माणसं एका कंपनीत गोळा झालेली मी पाहिली नव्हती.

"मग नोकर करा ना," शिल्पा म्हणाली. "आमचा सतीश आहे. पँट्रीतला. तो ड्रेस घालून चहा देईल. नाहीतरी सर्व्हिसला येणारच आहे."

सतीश गुहागरकडचा. त्या ऑफिसात बरीच वर्षं चहा करत होता. एमडींना आलं किती, साखर किती हे त्याला विचारावं लागत नसे. रिहर्सलच्या दिवशी मी एकटी आहे असं पाहून तो कॉन्फरन्स रूममध्ये आला.

"मॅडम, खून मीच करायला हवा का?"

"अहो, नाटक आहे ते."

"हो. पण पुढच्या महिन्यात माझं काँट्रॅक्ट रिन्यूला आहे. सही सरांची लागते. आणि सरांच्या डोक्यात राहील, ह्याच्या हातच्या चहाने आपण मेलो."

"मग नाही म्हणून सांगा."

"नाही म्हटलं तर तेही राहील."

मग मी शेवटच बदलला. त्या काळी काही श्रीमंत पुरुष थोडं थोडं आर्सेनिक टॉनिक म्हणून घेत. त्याने ताकद येते, चेहरा तरुण दिसतो अशी समजूत होती. माझ्या नव्या स्क्रिप्टमध्ये खुनी कोणीच नव्हतं. लॉर्ड साहेब तरुण दिसण्यासाठी गुपचूप विष घेत होते आणि त्या दिवशी जरा जास्त घेतलं. पुरावे मी शाळेतल्या मुलाला कळतील इतके सोपे ठेवले. चहाचा कप तपासला, तर स्वच्छ. टॉनिकची बाटली लॉर्डच्या कुलूपबंद खणात. खणाची किल्ली लॉर्डच्याच गळ्यात.

शिल्पाला हे पसंत पडलं. "म्हणजे कोणाच्याच फीलिंग्ज हर्ट नाहीत. परफेक्ट."

सतीशलाही मी सांगितलं, तुम्ही निर्दोष सुटता. तो म्हणाला, "इन्शाल्ला."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बाहेर उकाड्याची भट्टी पेटली होती आणि आत आठ डायरेक्टर शेपटीवाले काळे कोट घालून बसले होते. लंडनचं धुकं म्हणून आम्ही मशीनने धूर सोडला. एमडी चहाचा घोट घेऊन सोफ्यावर कोसळले. अभिनय चांगला होता. मग भाषणं झाली. सेल्स डायरेक्टर खरोखर रडले. एकाने "सर, आपके बिना क्यू फोर का टार्गेट कैसे होगा?" असा सवाल केला. एमडी डोळे मिटून ऐकत होते. चेहऱ्यावर मेलेल्या माणसाला न शोभणारं समाधान होतं.

डिटेक्टिव्हने पुरावे टेबलावर ठेवले. बाटली कोणी उचलली नाही. किल्ली मृताच्या गळ्यात लटकत होती. तिथवर जायचा कोणाला धीर झाला नाही.

"चाय किसने दी?" सीएफओने विचारलं.

"सतीश ने."

"तो खलास! यल्ला, चलो, खाना लगाओ।"

आठही मतं सतीशला पडली. सूपच्या वाट्या अजून उचलल्याही नव्हत्या, आणि त्या उचलायच्या होत्या सतीशनेच.

डिटेक्टिव्हने घसा साफ करून खरं उत्तर सांगितलं. टॉनिक, तारुण्याची हौस, जास्त झालेला डोस. सगळ्यांच्या नजरा एमडींच्या डोक्याकडे गेल्या. एमडींचे केस काळेभोर होते. आदल्या आठवड्यात मीटिंगला ते तितके काळे नव्हते. ही गोष्ट स्क्रिप्ट लिहिताना माझ्या डोक्यात नव्हती, पण त्या हॉलमध्ये कोणी यावर विश्वास ठेवला नसता.

मृत लॉर्ड उठून बसले. "मैं क्यों लूँगा ये सब? मेरी उम्र ही क्या है?"

"सर, स्टोरी है," डिटेक्टिव्ह पुटपुटला.

"मेजॉरिटी क्या बोल रही है?"

"सतीश, सर!" आठ आवाज.

"तो फिर सतीश।"

टाळ्या झाल्या. ज्याचा खून झाला त्यानेच निकाल दिला. एवढी सोय व्हिक्टोरियन कोर्टातसुद्धा नव्हती. मग एमडींनी सतीशची कॉलर धरून फोटो काढला. सगळे हसले. सतीशही हसला, कारण फोटो होता.

घरी जेवताना मी हे सांगितलं, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बट आई, डिडन्ट एनीबडी लुक ॲट द बॉटल?" तिला मी भात वाढला.

पुढच्या आठवड्यात शिल्पाचा फोन आला. "अनघाताई, जरा ऑकवर्ड झालंय. सर चहा घेत नाहीयेत."

"म्हणजे?"

"सोमवारी सतीशने कप ठेवला. सर म्हणाले, 'आज मारने का इरादा तो नहीं?' सगळे हसले. पण कप तसाच राहिला. काल सीएफओंनीही परत पाठवला."

फीडबॅक मीटिंग होतीच. सगळ्यांनी आम्हाला पाच स्टार दिले होते. मी एमडींना सरळ म्हणाले, "सर, स्क्रिप्टमध्ये सतीश निर्दोष आहे."

"आय नो, आय नो. इट वॉज जस्ट अ गेम."

"मग चहा?"

"ॲसिडिटी," एमडी म्हणाले आणि फोन बघू लागले.

मी शिल्पाला म्हटलं, तू बोल. ती म्हणाली, "काय बोलू? सर रागावलेले नाहीतच. रागावले असते तर समजूत काढली असती." हे खरं होतं. त्या काळच्या बड्या घरांतही विषाचा संशय आला की आधी स्वयंपाकघरातल्या माणसांच्या पेट्या उघडत. दिवाणखान्यातल्या माणसांना आधी विचारत, आपल्याला कोणाचा संशय येतो. मी हे सगळं वाचून थीमला 'ऑथेंटिक' करायचं ठरवलं होतं. ते जमलं.

सतीशचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण 'रिस्ट्रक्चरिंग' सांगितलं. त्याच्या गावच्या एकाने त्याला शारजात, रोल्ला भागात, लोकांचे सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या एका टायपिंग सेंटरमध्ये लावून दिलं. पगार कमी आहे. मला फोनवर म्हणाला, "मॅडम, तुम्ही प्रयत्न केलात. पण पुरावे बघायला माणसाला उठावं लागतं."

या अनुभवातून मी एवढंच शिकले की वरच्यांपैकी कोणी खुनी असायला परवानगीच नसली, की तपास फार लवकर संपतो.

सतीशच्या जागी त्यांनी इटालियन बनावटीचं चहा-कॉफीचं मशीन घेतलं. पहिल्याच महिन्यात त्याच्या टाकीतलं दूध नासलं आणि एमडींसकट चौघांची पोटं बिघडली. एकाला सलाइन लावावं लागलं. मशीनचं मेंटेनन्स काँट्रॅक्ट नुकतंच रिन्यू झालं.