साडूंचे भोपळे, माझं वजन

माझ्या साडूंनी मला फसवलं. एकाच प्रवासात तीनदा फसवलं, आणि तिन्ही वेळा हसत हसत. मी भालकीच्या बाजारात पाठीवर पोती वाहून वर आलेला माणूस. पुढं गुळाची अडत काढली. ढेपेकडे नुसतं बघून मी तिचं वजन सांगतो, आणि तराजूत ती तेवढीच भरते. मला फसवणं आजवर ना शेतकऱ्याला जमलं, ना हैदराबादच्या व्यापाऱ्याला, ना वजनमापं तपासणाऱ्या साहेबाला. जमलं ते भूगोलाच्या एका मास्तरांना, ज्यांना भाजीत मीठ पडलंय की नाही हेसुद्धा बायकोला विचारून कळायचं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. खटकचिंचोळीच्या मराठी शाळेत शिकवायचे. माणूस शांत, पान नाही, विडी नाही, पण पाण्याचा तळ म्हटला की वेडा. नुसत्या पोहण्याला ते मोजायचे नाहीत. "पोहणं म्हणजे घराच्या छपरावर फिरून येणं, सावकार," असं मला म्हणायचे, "आत काय हाय ते बघाया नको?" त्यासाठी त्यांचं सामान ठरलेलं होतं. एक धोंडा, त्याला लांब दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळवलेल्या भोपळ्यांची सांगड. धोंडा छातीशी धरून खाली जायचं, तळातला एक खडा उचलायचा, धोंडा सोडून वर यायचं, भोपळ्यांना मिठी मारून दम घ्यायचा आणि मग निवांत दोरी ओढून धोंडा वर काढायचा. खडा उचलण्याआधी माझ्या दुकानचा गुळाचा एक खडा ते तळाशी ठेवायचे. फुकट कुणाचं काही घेऊ नये म्हणायचे. गूळ मात्र माझ्याकडून फुकट न्यायचे. अशा कैक विहिरींचे खडे त्यांच्या खिडकीत ओळीनं मांडलेले असत आणि कोणता कुठल्या गावचा ते झोपेतही सांगत.

भोपळा निवडताना त्यांना बघावं. मी सौदा करणारा माणूस, पण माझाही धीर सुटायचा. बाजारातल्या ढिगापुढं उकिडवे बसून एकेक भोपळा बोटानं वाजवायचे, कानाशी धरायचे, पुन्हा वाजवायचे. "हा रडायलाय," म्हणून एक बाजूला. "ह्याच्या पोटात पाप हाय," म्हणून दुसरा. एकदा विकणारी बाई वैतागून म्हणाली, "मास्तर, भाजीला पायजे का भजनाला?" मास्तर म्हणाले, "बाई, जिवाला पायजे." मग पसंत पडलेला घरी न्यायचा, पत्र्यावर वाळवायचा, भोक पाडून आतलं बी काढायचं, मेणानं तोंड बंद करायचं आणि हौदात बुडवून बघायचं. भोपळा कुठं बुडबुडा सोडतोय का हे बघताना ते स्वतःही श्वास धरत, आणि अक्का स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवं, तुमी तरी सोडा."

कुठल्या गावाला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न विहिरीचा. दुबलगुंडीला आम्ही माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, मुलीचे मामा आले, पण मास्तरांचा पत्ता नाही. मुलीच्या बापानं विचारलं, "थोरले पाहुणे कुठं गेले?" एक म्हातारी म्हणाली, "हिरीत." बाप दोर घेऊन धावला, बायकांनी हंबरडा फोडला, आणि आम्ही मळ्यात पोचतो तर मास्तर भोपळ्यांवर हनुवटी टेकून पाण्यात निवांत. वर बघून मला म्हणाले, "चार पुरुष खोल, तळाला गाळ न्हाई. माणसं चांगली हैत. हो म्हणून टाका." मी देण्याघेण्याचं बोलायचं म्हणून रात्रभर तयारी करून गेलो होतो. तिथं विहिरीच्या काठावरच सुपारी फुटली. सून चांगली निघाली, ते मी नाकारत नाही.

आता कारवारचं सांगतो. आमचा मेहुणा सरकारी नोकरीत. राज्याचं नाव तेव्हा म्हैसूरच होतं, आणि आमच्या बीदर जिल्ह्याचा माणूस बदली होऊन थेट समुद्रावर जाऊन पडायचा. तसा तो कारवारला पडला, तिथं त्याला मुलगा झाला आणि बारशाचं बोलावणं आलं. मास्तरांनी जन्मभर फळ्यावर समुद्र काढलेले, पण प्रत्यक्ष एकही पाहिलेला नाही. बातमी कळताच ते भोपळे बघायला लागले. नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. मला एकट्याला गाठून म्हणाले, "सावकार, खिडकीत एक जागा रिकामी ठेवलीया. समुद्राचा खडा आला की मग कायबी मागणं न्हाई." हे मात्र ते हसत बोलले नाहीत.

निघायच्या दिवशी ते आमच्या घरी दोन नग घेऊन आले. एक गोधडीत बांधलेलं म्हशीएवढं गाठोडं आणि एक लहानशी, तोंड शिवलेली पिशवी. म्हणाले, "दोघांनी एकेक घेऊ. तुमी कोणतं घेणार, बोला." मी डोळ्यानं दोन्ही तोललं आणि म्हणालो, "मास्तर, तुमी थोरले. थोरल्यानं थोरलं घ्यावं." त्यांनी सुस्कारा सोडला. "बरं, तुमच्या मनासारखं." मी पिशवी उचलली आणि माझा खांदा खाली गेला. पण पोती वाहिलेल्या माणसानं पिशवी जड आहे असं म्हणायचं कसं? बसमध्ये, गुलबर्ग्याच्या फलाटावर, होटगीला गाडी बदलताना, मी दात आवळून चालत होतो आणि माझ्यापुढं मास्तर ते गाठोडं एका बोटावर अडकवून शीळ घालत चालले होते. होटगीला पिशवीची शिवण उसवली. आत काळाभोर धोंडा.

"मास्तर," मी म्हणालो, "कारवारात धोंडे मिळत न्हाईत व्हय?"

"मिळत असतील. पण वळखीचे न्हाईत की."

हुबळीपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही.

बारसं झालं. दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं ओळखीच्या एका कोळ्याची होडी सांगितली आणि तोही आमच्याबरोबर बसला. मला पोहता येत नाही, मी फळी धरून मधोमध बसलो. काठापासून जरा आत गेल्यावर मास्तरांनी पाण्याला हात जोडले, भोपळे सोडले, धोंडा छातीशी धरला आणि गेले. गेले तसे लगेच वर आले. पुन्हा गेले, पुन्हा वर. विहिरीत जो धोंडा त्यांना अलगद तळापर्यंत न्यायचा, तो इथं त्यांना अर्ध्यातच लोंबकळत ठेवत होता. कोळी हसून म्हणाला की खारं पाणी माणसाला वर उचलतं, गोड्या पाण्यासारखं आत घेत नाही. मी मास्तरांकडे बघितलं. मृत समुद्रात माणूस बुडत नाही, हा धडा त्यांनी किती पोरांकडून छड्या मारून पाठ करून घेतला होता.

"मास्तर, पोरांना काय शिकवताव?"

"तो मेलेला समुद्र," ते धापा टाकत म्हणाले. "हा जिता हाय."

तिसऱ्या खेपेलाही हात रिकामाच. मग ते भोपळ्यांना धरून नुसतेच खाली पाण्यात बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "चला, सावकार. जाऊ द्या. पुन्यांदा कवा येणं व्हायचंय आपलं."

मला राग आला. मास्तरांचा नव्हे, त्या पाण्याचा. माल घेताना वजन मारणारा माणूस मला चालत नाही, तर समुद्र का चालावा? मी पाण्यातल्या मास्तरांवर डोळे रोखले, ढेपेवर रोखतो तसे. फरक जास्त नव्हता. "दोन किलो कमी पडायलेत," मी म्हणालो. आणि माझ्या पिशवीतून दोन किलोचं लोखंडी वजन काढलं. ते मी काजू घेण्यासाठी भालकीहून आणलं होतं. परगावच्या दुकानदाराच्या वजनावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. "घ्या. पण परत पायजे. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

त्यांनी ते पंच्यात गुंडाळून कमरेला बांधलं, धोंडा धरला आणि गेले. या वेळी दोरी सरसर जात राहिली. कोळ्याचं हसणं थांबलं. मी फळी सोडून होडीच्या काठाला आलो, हे मला नंतर मेहुण्यानं सांगितलं. मग भोपळ्यांपाशी पाणी फुटलं आणि मास्तरांची मूठ वर आली, मागनं मास्तर. मुठीत एक करडा खडा, हरभऱ्याएवढा. असा चेहरा मी बारशातल्या बापाचाही पाहिला नव्हता.

"वजन?" मी विचारलं.

"ठेवलं."

"ठेवलं म्हंजे?"

"गूळ पहिल्याच बुडीत इरघळला होता. रिकाम्या हातानं खडा कसा उचलायचा? तुमीच म्हणताव, सौदा रोखीचा करावा."

हरभऱ्याएवढ्या खड्याला दोन किलो शिक्क्याचं लोखंड. असा सौदा भालकीत कुणी केला असता तर त्याला मी बाजारात उभं राहू दिलं नसतं. परतीला मी शहाणा झालो आणि त्यांना न विचारता भोपळ्यांचं गाठोडं आधीच ताब्यात घेतलं. धोंडा त्यांनी भोपळ्यांच्या मधोमध बांधला होता.

"पुढल्या वर्षी जाऊ, तुमचं वजन काढून आणतो," असं ते तेव्हापासून म्हणत राहिले. दर वर्षी नवे भोपळे वाळवायचे. दोन किलोनं भारी असा नवा धोंडाही माझ्याच दुकानात तोलून घेतला, एकेक किलोची दोन वजनं टाकून, कारण दोन किलोचं मी नवीन घेतलंच नाही. का घ्यावं? माझं आहे की. तपासणीचा साहेब दर खेपेला विचारतो, दोन किलोचं कुठाय? मी सांगतो, समुद्रात. पुढं मास्तरांची नोकरी संपली, दम कमी झाला, विहिरींवर इंजिनं बसली आणि बऱ्याच विहिरींचे तळ बुडी न मारताच दिसायला लागले. तरी त्यांचं चालूच होतं. यंदा नक्की, सावकार.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. तेरावं झाल्यावर अक्कानं मला आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाली, "हे तुमच्या दोघांचं सामान. मला काय करायचंय?" कोपऱ्यात बांधून तयार असलेलं म्हशीएवढं गाठोडं आणि शेजारी लहान पिशवी, तोंड दुहेरी दोऱ्यानं शिवलेलं. मी पिशवी उचलली. कुणी न सांगता तीच उचलली.

आता ती माझ्या गादीशेजारी आहे. भोपळे आहेत, दोरी आहे, धोंडा बरोबर दोन किलोनं भारी आहे, आणि माझं वजन अजून तिथंच खाली आहे. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, मास्तर. तरी सगळं सामान बांधून माझ्या हवाली करून निघून गेलात. आता बुडी कुणी मारायची, याचा जबाब द्या.